उसनी पुण्याई

‘विमा’ हा शब्द आपल्या भाषेंत फारसींतून आला. मूळ शब्द ‘बीमा’, आणि त्याच्या पोटांत ‘बीम’ म्हणजे भीति आहे असें कोशकार सांगतात. संस्कृतांत त्याच्या जवळपासचा शब्द शोधूं गेल्यास ‘योगक्षेम’ आठवतो. न मिळालेलें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें सांभाळणें हा क्षेम. तरुण मुलगा पहिली मोटार घेऊं लागला म्हणजे योगाचा भाग त्याला तोंडपाठ असतो. क्षेमाशीं गांठ पडली कीं मात्र तो ‘सर्वांत स्वस्त विमा कोणता?’ एवढेंच विचारतो. प्रश्न अगदीं रास्त आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत रुपयाची किंमत किती असते हें ज्यानें तें वर्ष काढलें त्यालाच ठाऊक. परंतु ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ नीट लावल्याखेरीज या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं. तो अर्थ लावण्यांत आमच्या घरानें नुकताच एक महिना घालविला. त्यांतून जें हातीं आलें तें इतर घरांनाही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हें लिहावयास बसलों आहें.

आमचें घर पुण्याचें. तीन भावांचा संसार एकाच चुलीवर चालतो. धाकट्या बंधूंचा नातू बावीस वर्षांचा असून शिक्षण संपवून चाकणच्या एका कारखान्यांत लागला आहे. पहाटे निघावें आणि रात्रीं परतावें असा त्याचा क्रम. म्हणून त्यानें चार वर्षें वापरलेली, सुमारें बाराशें सी. सी. ची, पेट्रोलवर चालणारी एक लहान गाडी पाहिली. किंमत त्याच्या बचतींतून व थोड्या कर्जांतून भागण्यासारखी होती. पक्का परवाना हातीं येऊन त्याला चारच महिने झाले होते. गाडी विकणाऱ्या दुकानदारानें गाडीबरोबर विम्याचें पत्रकही पुढें केलें आणि ‘तो आमच्याकडूनच घ्यावा लागतो’ असें सांगितलें. मुलाच्या वडिलांनीं, म्हणजे माझ्या पुतण्यानें, निराळाच तोडगा काढला. गाडी दादांच्या नांवावर घ्यावी! दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. ते आपली जुनी गाडी विकीत होते, आणि वर्षानुवर्षें एकही दावा न केल्यामुळें त्यांच्या खातीं पन्नास टक्क्यांचा ‘नो क्लेम बोनस’ जमला होता. तो त्यांना दुसऱ्या गाडीवर घेतां येतो. ‘एकत्र कुटुंबांत गाडी कोणाच्या नांवावर आहे याला महत्त्व तें काय?’ असें पुतण्याचें म्हणणें. घरांत आठ दिवस हाच विषय घोळत होता. निर्णय करण्यापूर्वीं विम्याची रचना समजून घेणें भाग होतें, आणि शिकविण्याचें काम म्हणून तें माझ्याकडे आलें.

मोटारीचा विमा म्हणून आपण जो एक कागद घेतों त्यांत खरोखर दोन विमे असतात. विमा घेणारा हा पहिला पक्ष, कंपनी हा दुसरा, आणि आपल्या गाडीमुळें ज्याला इजा होईल तो वाटसरू हा तिसरा पक्ष. या तिसऱ्याच्या भरपाईची हमी म्हणजे ‘थर्ड पार्टी’ विमा. आपल्याच गाडीची मोडतोड वा चोरी झाली तर मिळावयाची भरपाई हा दुसरा भाग. त्याला ‘ओन डॅमेज’ म्हणतात. पहिला भाग सक्तीचा आहे, दुसरा ऐच्छिक. स्वस्ताई शोधतांना हे दोन भाग मनांत वेगळे ठेवले नाहींत तर सगळा हिशेब चुकतो.

सक्तीच्या भागाचा इतिहास फार जुना नाहीं. इंग्लंडांत १९३० च्या कायद्यानें ही सक्ती आली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत त्यासाठीं आठवें प्रकरण घालण्यांत आलें, व तें १ जुलै १९४६ पासून अंमलांत आलें. आतां १९८८ च्या कायद्याचें १४६ वें कलम तीच आज्ञा करतें. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर विम्याशिवाय गाडी चालविणाऱ्यास पहिल्या वेळीं दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. पुन्हा सांपडल्यास दंड चार हजारांचा होतो.

परंतु दंडाच्या भयानें हा विमा घ्यावा असें मी मुलांना सांगत नाहीं. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील सायकलवरून दूध घालीत. एके पहाटे एका जीपगाडीनें त्यांना उडविलें. मुलगा तेव्हां नववींत होता. न्यायाधिकरणानें भरपाई ठरवून दिली, पण जीपचा विमा संपून गेलेला होता आणि मालकाच्या नांवावर वसूल करण्याजोगें कांहीं नव्हतें. निकालाचा कागद त्या घरांत पुष्कळ वर्षें पत्र्याच्या पेटींत होता. पैसे आले नाहींत. मुलगा शाळा सोडून दुधाच्या किटल्या घेऊन फिरूं लागला. तीन-चार हजारांची बचत कोणाच्या पानावरून उचलली जाते हें त्या घरीं गेल्यावर मला दिसलें. थर्ड पार्टी विमा हा आपल्यासाठीं नसून त्या अनोळखी माणसासाठीं असतो, आणि म्हणूनच मृत्यु किंवा शारीरिक इजा झाल्यास त्यांतील भरपाईला वरची मर्यादा घातलेली नाहीं.

आतां तरुणांना आनंद वाटेल अशी गोष्ट सांगतों. या भागाचा दर कंपनी ठरवीत नाहीं. विमा नियामक प्राधिकरणाशीं विचारविनिमय करून केंद्र सरकार तो ठरवितें. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकांत एक हजार सी. सी. पर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, एक हजार ते पंधराशें सी. सी. ला ३,४१६ रुपये आणि त्यावरील गाडीला ७,८९७ रुपये असा दर होता, कर वेगळा. विजेवर चालणाऱ्या गाडीला तो थोडा कमी. दर वेळोवेळीं बदलतात, म्हणून घेतांना ताजे पाहून घ्यावे. लक्ष्यांत घ्यावयाचें तें हें कीं या दरांत चालकाच्या वयाला स्थान नाहीं. बावीस वर्षांचा नातू आणि सत्तरी ओलांडलेले दादा, दोघांनाही एकच दर. भाव करण्यास येथें जागा नाहीं, आणि जो कोणी ‘थर्ड पार्टी अर्ध्या किंमतींत देतों’ असें म्हणेल तो खोटा कागद देत आहे असें खुशाल समजावें. विमापत्र घेतल्यानंतर सरकारच्या वाहन-नोंदींत त्याची नोंद उमटली कीं नाहीं हें ‘एम-परिवहन’वर पाहतां येतें. तेवढें अवश्य पाहावें.

इंग्लंडांत असें नाहीं. माझी भाची तेथें बरींच वर्षें आहे. तिच्या मुलानें सतराव्या वर्षीं परवाना काढला तेव्हां पहिल्या वर्षाचा हप्ता जवळजवळ त्याच्या जुन्या गाडीच्या किंमतीएवढा झाला, असें तिनें कळविलें होतें. तेथें प्रथम चालकाकडे पाहतात: त्याचें वय, अनुभव, राहण्याचें ठिकाण. हप्ता उतरावा म्हणून तरुण मुलें गाडींत एक काळी पेटी बसवून घेतात. ती वेग, ब्रेक आणि रात्रीं-अपरात्रीं केलेला प्रवास यांची नोंद कंपनीला पुरविते. गाडी खरोखर मुलानें चालवावयाची आणि मुख्य चालक म्हणून बापाचें नांव द्यावयाचें, हा प्रकार तेथें लबाडी मानला जाऊन विमा रद्द होऊं शकतो. आपल्याकडे वयाचा असा दंड नाहीं. मग आपल्या तरुणाची बचत कशांत आहे? पहिली बचत गाडी निवडण्यांत. हजार सी. सी. च्या आंतली गाडी घेतली तर वरच्या दरपत्रकाप्रमाणें दरसाल १,३२२ रुपये वांचतात. आणि पंधराशेंच्या वर गेलें तर हप्ता दुपटीहून अधिक होतो.

दुसऱ्या भागांत, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या विम्यांत, मात्र कंपन्यांचे दर निरनिराळे असतात. १ जानेवारी २००७ पासून हा भाग ठराविक दरपत्रकांतून मोकळा झाला. येथें चार ठिकाणीं चौकशी करणें म्हणजे खरी कमाई. दुकानदाराकडूनच विमा घेण्याची सक्ती कोणालाही करतां येत नाहीं. नातवानें चार कंपन्यांचे आकडे आणले व माझ्यापुढें ठेवले. दुकानदाराचा आकडा सर्वांत कमी होता. मीं त्याला म्हटलें, "चारही कागदांवर गाडीची किंमत किती धरली आहे तें वाच." दुकानदाराच्या कागदावर ती सव्वादोन लाख होती, इतर तिघांच्या कागदांवर तीन लाखांच्या वर. या किंमतीला ‘आय. डी. व्ही.’ म्हणतात. गाडी चोरीस गेली किंवा पार मोडली तर मिळावयाची रक्कम तीच. ती खालीं ओढली म्हणजे हप्ता आपोआप उतरतो. याला स्वस्त म्हणत नाहींत. शेराऐवजीं पाऊणशेर घेतला तर पैसे कमीच पडणार. आकड्यांची तुलना करावयाची तर आय. डी. व्ही. एक, जोडकलमें एक, आणि मग दर पाहावा.

जोडकलमांचें प्रकरणही असेंच आहे. दुकानदाराच्या पत्रकावर अशीं पांच कलमें होतीं. आम्हीं एक ठेवलें व चार खोडलीं. ठेवलें तें ‘झीरो डेप’. साध्या विम्यांत रबर व प्लॅस्टिकच्या भागांची किंमत घसाऱ्यापोटीं निम्मीच मिळते, आणि नवा चालक प्रथम जें आपटतो तें बंपर प्लॅस्टिकचें असतें! गाडी फार जुनी झाल्यावर हें कलम बहुधा मिळत नाहीं, म्हणून मिळतें तोंवर नवशिक्यानें घ्यावें. गाडीची मूळ खरेदीची किंमत मिळवून देणारें कलम नव्या गाडीला ठीक. वापरलेल्या गाडीला त्याचें प्रयोजन नाहीं. किल्ली हरविल्याची भरपाई, पुराच्या पाण्यानें इंजिन बिघडल्याची भरपाई, इत्यादि गोष्टी ज्यानें त्यानें आपली संवय व आपली वस्ती पाहून ठरवाव्या. आमचें घर उंचावर आहे.

आणखी एक बचत पुष्कळ तरुणांच्या लक्ष्यांत येत नाहीं. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. परंतु तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. ज्याच्या स्कूटरवर तो आधींच घेतलेला आहे त्यानें मोटारीवर दुसऱ्यांदा घेण्याचें कारण नाहीं. १ जानेवारी २०१९ पासून तशी मुभा स्पष्ट आहे. आमच्या नातवाची स्कूटर आहे, व तिचा कागद कपाटांत होता. तो दाखविला आणि ती रक्कम वजा झाली. तसेंच किलोमीटरच्या मानानें हप्ता ठरविणारीं विमापत्रें देण्यास नियामकांनीं जुलै २०२२ मध्यें मोकळीक दिली. मंडईपलीकडे गाडी न नेणाऱ्या दादांसारख्यांना तीं सोयीचीं. रोज चाकणला जाणाऱ्याला नव्हेत.

येथवर सर्वांचें एकमत झालें. राहिला प्रश्न दादांच्या नांवाचा. स्वतः दादा त्याला अनुकूल होते. ते म्हणाले, "नाना, इतकीं वर्षें गाडी जपून हांकली, त्याची पुण्याई पोराला मिळाली तर बिघडलें कोठें? ती काय मी वर घेऊन जाणार आहें?" हा युक्तिवाद प्रेमाचा होता, म्हणूनच त्याला उत्तर देणें अवघड होतें.

मीं त्यांना ययातीची आठवण दिली. स्वर्गांतून खालीं आलेल्या ययातीला त्याच्या नातवांनीं आपापलें पुण्य देऊं केलें, असें महाभारतांत आहे. आजोबांनीं नातवाला पुण्य दिल्याची कथा मात्र मला आठवत नाहीं. आणि विम्याच्या नियमांत तर ती सोय नाहींच. हा बोनस गाडीबरोबर जात नाहीं, माणसाबरोबर राहतो. गाडी विकली तरी तो विकणाऱ्याचाच. घेणाऱ्याला तो मिळत नाहीं. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी पत्नीकडे वा पतीकडे, मुलांकडे किंवा आईबापांकडे गेली तर तेवढ्यापुरता तो पुढें चालतो. जिवंतपणीं दुसऱ्याच्या ओंजळींत तो घालतां येत नाहीं. गाडी दादांच्या नांवावर ठेवली तर बोनस वाढणार तो दादांचाच. पांच वर्षांनीं नातू स्वतःच्या नांवावर गाडी घेईल तेव्हां तो पुन्हा शून्यावर उभा असेल. आणि मध्यंतरीं त्याच्या हातून एखादा मोठा दावा झाला तर दादांनीं जमविलेलें सगळें एका दिवसांत जाईल.

पुतण्याला दुसरी बाजू सांगणें जरूर होतें. कायद्याच्या दृष्टीनें गाडीचा धनी तो, ज्याचें नांव नोंदीवर आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत वाहनाच्या अपघाताविषयीं एक प्रकरण आहे. त्या ग्रंथांतील पुष्कळ गोष्टी आपण टाकून दिल्या व तें योग्यच केलें. पण येथला विचार पाहण्यासारखा आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस वा चाक मोडलें, अशा प्रसंगीं दोष नाहीं. परंतु सारथी अकुशल असल्यामुळें रथ भरकटला व हानि झाली तर दंड धन्याला. नवशिक्याच्या हातीं रथ कोणी दिला, हा प्रश्न तेव्हांही विचारला जात होता. आजच्या न्यायालयांतही भरपाईचा निकाल चालकाबरोबर मालकावर होतो, व त्याच्या वतीनें कंपनी पैसे भरते. चालकाजवळ योग्य परवाना नसल्यासारखा भंग झाला असेल तर कंपनीनें आधीं जखमीला पैसे द्यावे व मग ते मालकाकडून वसूल करावे, असा आदेश देतां येतो. २००४ सालच्या स्वर्णसिंह खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें या तत्त्वाचें सविस्तर विवेचन केलें आहे. म्हणजे गाडी हांकणार बावीस वर्षांचा, आणि उत्तर देणार सत्तरीपलीकडचा. शिवाय मालक-चालकाचा अपघात विमा नोंदलेल्या मालकाचा. नातू दुसऱ्याच्या नांवाची गाडी चालवितांना जखमी झाला तर तें संरक्षण त्याच्या मदतीस येईल असें धरून चालतां येत नाहीं.

मग मीं पाटीवर हिशेब मांडला. ओन डॅमेजचा हप्ता बोनसशिवाय ६,४०० रुपये येत होता. सोयीसाठीं तो पांचही वर्षें तेवढाच धरला. दादांचा बोनस दरसाल पन्नास टक्के. नातवाचा पहिल्या वर्षीं शून्य, आणि दावा न केल्यास पुढें वीस, पंचवीस, पस्तीस व पंचेचाळीस टक्के. सहाव्या वर्षीं पन्नास. दोहोंतील फरक अनुक्रमें पन्नास, तीस, पंचवीस, पंधरा आणि पांच. बेरीज एकशें पंचवीस टक्के. म्हणजे पांच वर्षांत मिळून आठ हजार रुपये, महिन्याला एकशें तेहतीस. स्वतःच्या नांवावर, स्वतःच्या जबाबदारीवर उभें राहण्याची एवढीच किंमत होती. दादांनीं आकडा पाहिला आणि हंसून म्हणाले, "एवढ्यासाठीं मी माझें नांव भाड्यानें देत होतों होय!" पुतण्या कांहीं बोलला नाहीं. नातवानें मात्र पाटीवरचा शून्य पुसून पुन्हा नीट गोल काढला.

पुढचा क्रम सोपा होता. गाडी नांवावर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आंत विम्याच्या नांवांत बदल करण्यासाठीं अर्ज करावा लागतो. थर्ड पार्टीचा भाग कायद्यानें नव्या मालकाकडे आलेला मानतात, पण ओन डॅमेजचा भाग कंपनीनें नांव बदलून दिल्याखेरीज येत नाहीं. आमच्या गाडीचें जुनें विमापत्र संपत आलें होतें, म्हणून नवेंच घेतलें.

नवीन विमा घेतलेल्या तरुणांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुदत संपण्यापूर्वीं नूतनीकरण करा. नव्वद दिवसांहून अधिक खंड पडला तर जमलेला बोनस बुडतो. आणि प्रत्येक ओरखड्याचा दावा करूं नका. समजा, चौथ्या वर्षीं बंपरचा खर्च तीन हजार आला. त्यांतून सक्तीचे एक हजार आपल्याला सोसावे लागतात, हातीं येतात दोन हजार. पण पुढल्या वर्षींचा पंचेचाळीस टक्के बोनस जातो. वरच्या हिशेबानें ते २,८८० रुपये झाले, आणि शिडीची पहिली पायरी पुन्हा चढावी लागते ती वेगळीच. मोठ्या संकटासाठीं विमा, लहान खरचटण्यासाठीं खिसा, हा नियम चांगला. खरी स्वस्ताई कोणत्याही कंपनीच्या पत्रकांत छापलेली नसते. ती रोजच्या रस्त्यावर, चौकाचौकांत पाय आवरून, हळूहळू जमवावी लागते. विद्येसारखीच ती दुसऱ्याकडून उसनी आणतां येत नाहीं.

विमापत्र गेल्या आठवड्यांत आलें. मालकाच्या रकान्यांत नातवाचें नांव आहे, आणि बोनसच्या रकान्यांत शून्य. दादांनीं चष्मा लावून तें वाचलें व स्वतःच्या हातानें जपून फायलींत ठेवलें. महिनाभर तरी सकाळीं त्याच्या शेजारीं बसून नाशिक फाट्यापर्यंत जावयाचें असें त्यांनीं ठरविलें आहे. तेवढें मात्र आजोबांना नातवाला देतां येतें.